मिसिंगचा माग

इंजिन चालू असताना एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं, की तेवढा एक फटका वाया जातो. गॅरेजात याला मिसिंग म्हणतात. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर गप्प बसला तर चौथा हिस्सा ताकद गेली. तीन सिलिंडरच्या मारुतीत तिसरा हिस्सा जातो आणि सगळी गाडी हिव भरल्यासारखी थडथडते. नव्या गाडीत हा दोष लवकर सापडतो. जुन्या गाडीत तो मुक्कामालाच येतो. प्लग बदलावेत, आठवडाभर बरं वाटावं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग मालक गॅरेज बदलतो, नवं गॅरेज आणखी दोन पार्ट बदलतं, आणि बिलांची थप्पी वाढत जाते.

अशा गाडीशी कसं वागावं याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. एक मिस्त्री. मुंबईत प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींवर त्यांचा हात बसला, पुढं पुण्यात येऊन त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. दुसरे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवणारे शिल्पनिदेशक. मिस्त्रींचं म्हणणं, संशय येईल तो पार्ट बदलून बघा. निदेशकांचं म्हणणं, मोजल्याशिवाय पाना लावू नका. एका ओम्नीवरून दोघांची जुंपली, ती मी शेजारी बसून ऐकली. जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी तिचा संबंध आहे, म्हणून ती इथं शक्य तितकी त्यांच्याच शब्दांत देतो.

ओम्नी १९९८ ची. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. १९९८ ची म्हणजे कार्ब्युरेटरवाली. मालक खानावळीचे डबे पोहोचवतो, त्यामुळे गाडीला नंतर सीएनजीचं किट बसवलेलं.

मिस्त्री : सर, ही माझ्याकडं आली तेव्हा दोन गॅरेजांचे हात फिरून झाले होते. प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, डेल्कोचं झाकण आणि रोटर नवा, कॉइलसुद्धा नवी. कार्ब्युरेटर खोलून धुतलेला. तरी उभ्या गाडीवर मिसिंग आहेच. रेस दिली की साफ.

निदेशक : म्हणजे पार्टचे पैसे गेले आणि रोग आहे तिथंच.

मिस्त्री : पैसे गेले खरे. पण त्या दोघांचं चुकलं कुठं, ते सांगा. मिसिंगच्या बहुतेक गाड्या प्लग नाहीतर वायरीवरच सुटतात. प्लग खोलायला पाच मिनिटं, नवा घालायला पाच. तुम्ही मीटर लावून तासभर मोजत बसणार. त्या तासात मी तीन पार्ट बदलून गाडी रस्त्यावर काढतो. सुटली तर सुटली.

निदेशक : आणि नाही सुटली तर?

मिस्त्री : तर चौथा.

निदेशक : अण्णा, चौथ्यापर्यंत पोहोचाल तेव्हा पहिल्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. या गाडीचे जुने प्लग कुठं आहेत?

मिस्त्री : गेले भंगारात. ते कोण ठेवतं?

निदेशक : ते ठेवायला हवे होते. तिन्ही प्लग काढायचे, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते न विसरता कागदावर ओळीनं मांडायचे. दोन बिस्किटी रंगाचे आणि तिसरा कोरडा काळा, तर तिथं ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल जास्त. तिसरा तेलकट ओला, तर तेल वर येतंय, रिंगांमधून नाहीतर व्हॉल्व्हच्या गाइडमधून. पांढराफटक, कडेनं वितळल्यासारखा, तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढं. पार्ट फेकला की हे सगळं त्याच्याबरोबर गेलं.

मिस्त्री : हे मी तुमच्या जन्माआधीपासून वाचतोय. पद्मिनीचे चार प्लग बघून ड्रायव्हर गाडी कशी हाकतो तेही सांगायचो. पण ही गाडी गॅसवर चालते. गॅसवर प्लग काळा पडतच नाही. रोगी सिलिंडरचाही प्लग साफ दिसतो. मग काय वाचणार?

इथं मिस्त्रींचं म्हणणं वजनदार होतं आणि निदेशकांनी ते लगेच मानलं. सीएनजीवर काजळी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या काळात कमावलेली नजर इथं फसू शकते. प्लग वाचायचा असेल तर गाडी आधी काही दिवस पेट्रोलवर चालवावी लागते, आणि रोजचे डबे पोहोचवणाऱ्याला ते परवडत नाही. मग निदेशकांनी मालकाला पुढं बोलावलं.

निदेशक : मला एवढंच सांगा, मिसिंग केव्हा होतं?

मालक : नेहमीच होतं, सर.

निदेशक : नेहमी म्हणजे? सकाळी पहिल्या स्टार्टला? सिग्नलला उभं असताना? चढावर? पावसात? गॅसवर, का पेट्रोलवरही?

मालकानं आठवून आठवून सांगितलं. सकाळी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट. नंतर जरा कमी, पण सिग्नलला उभं राहिलं की थडथड आहेच, गॅस असो की पेट्रोल. सपाट रस्त्यावर वेगात ठीक. आणि हो, कात्रजचा घाट चढताना पुन्हा झटके. पण तिथं पेट्रोलवर टाकली की झटके थांबतात.

निदेशक : ऐकलंत, अण्णा? हे दोन रोग आहेत. दोघांना नाव एकच पडलंय.

मिस्त्री : ते कसं?

निदेशक : उभ्या गाडीवरचं मिसिंग दोन्ही इंधनांवर आहे, म्हणजे ते इंधनाचं नाही. रेस दिली की लपतं. असं वागतं ते एकतर कुठून तरी चोरून हवा घेणारं इंजिन, नाहीतर गळकं कॉम्प्रेशन. स्लोमध्ये इंजिनाला हवा लागते थोडी, त्यात मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून थोडी फुकटची आत आली तरी मिश्रण पार पातळ होतं. थ्रॉटल उघडला की तेवढ्याच फुकट हवेचं काही वाटत नाही. कॉम्प्रेशनचंही तेच. इंजिन सावकाश फिरत असताना गळायला वेळ मिळतो, जोरात फिरताना मिळत नाही. घाटातलं उलटं आहे. तिथं थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडरमध्ये दाब जास्त, आणि दाब जितका जास्त तितका ठिणगीला जोर जास्त लागतो. त्यात गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कशीबशी पडणारी ठिणगी गॅसवर दम सोडते. घाटातलं मिसिंग करंटचं आहे, सिग्नलचं मिसिंग हवेचं किंवा कॉम्प्रेशनचं.

मिस्त्री : करंटचं म्हणता, पण मी प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून बघितला. ठिणगी निळी, कडकडीत.

निदेशक : बाहेर, मोकळ्या हवेत. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. आत मिश्रण आठ-नऊ पट दाबलेलं असतं, तिथं दहा हजारांच्या पुढं लागतात. बाहेर पडलेली ठिणगी आत पडेलच असं नाही. तपासायचीच तर पाच-सहा मिलिमीटरच्या फटीचा टेस्टर लावा. तेवढी फट ओलांडली तर कॉइल, कन्डेन्सर, पॉइंट ठीक.

मिस्त्रींकडं तसला टेस्टर नव्हता. पण त्यांनी जे केलं त्याला पाच मिनिटं लागली नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत शहाणी कृती तीच होती. सीट उलटून त्यांनी इंजिन उघडं केलं, गाडी स्लोमध्ये ठेवली आणि लाकडी मुठीच्या पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून उपटल्या. पहिली काढली, इंजिन बंद पडायच्या बेताला आलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, आवाजात काडीचा फरक नाही. मग इंजिन बंद करून तिसरा प्लग पहिल्यात आणि पहिला तिसऱ्यात टाकला. पुन्हा तिसराच मेलेला. मग वायरींची अदलाबदल केली. तरी तिसराच.

मिस्त्री : घ्या. प्लगही नाही, वायरही नाही. सिलिंडरच दोषी. एक रुपया खर्च न करता.

निदेशक : हे मला मान्य आहे, अण्णा. हे बदलणं नव्हे, ही तपासणीच. गाडीतलाच पार्ट गाडीतच हलवला, आणि रोग पार्टबरोबर जातो की जागेवर राहतो ते बघितलं. नाना पेठेतून नवा पार्ट आणून घातला असता, तर तो पार्ट स्वतःच बरा आहे की नाही इथून सुरुवात.

मिस्त्री : तेही खरंच. नवा कन्डेन्सर पाकिटातूनच मेलेला निघालेला मी बघितलाय. नकली माल इतका आलाय की जुना कंपनीचा पार्ट मी साफ करून पुन्हा घालतो, पण नव्यावर डोळे झाकून भरवसा ठेवत नाही.

निदेशक : मग बदलून बघा, बदलून बघा, असं का म्हणता?

या प्रश्नाला मिस्त्रींनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी प्लग हातात घेतले, फिलर गेज मागितला आणि फट मोजली. तिन्ही प्लगांची फट जवळजवळ एक मिलिमीटर. या इंजिनाला सात ते आठ दशांश मिलिमीटर लागते, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीत ती खालच्या आकड्यालाच ठेवलेली बरी. आधीच्या गॅरेजनं प्लग खोक्यातून काढून तसेच घट्ट केले होते. मिस्त्रींनी बाजूची पट्टी फरशीवर हलकेच ठोकत फट कमी केली, पुन्हा गेज घातला, पुन्हा ठोकली. पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. तेवढ्या जाडीची पाती सरकताना बोटाला किंचित अडत होती, तेवढीच हवी.

मालक त्याच संध्याकाळी घाट चढून आला. गॅसवर झटके नाहीत. नवीन प्लगांनी जे बिघडवलं होतं ते फुकटात सुटलं. सिग्नलची थडथड मात्र होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वाद पुढं सरकला तो पीयूसीवरून.

निदेशक : अण्णा, मला विचाराल तर प्रत्येक गॅरेजवाल्यानं पीयूसी सेंटरवाल्याशी ओळख ठेवावी. त्याचं यंत्र मिसिंगचा पत्ता सांगतं.

मिस्त्री : ते सर्टिफिकेट द्यायचं यंत्र.

निदेशक : त्यावरचे दोन आकडे बघा. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. दोन्ही चढलेले असले तर मिश्रण दाट, कार्ब्युरेटर बघा. सीओ कमी आणि एचसी एकटाच आभाळाला टेकलेला, तर इंधन आत जातंय आणि न पेटता बाहेर पडतंय. म्हणजे ठिणगी, पातळ मिश्रण नाहीतर कॉम्प्रेशन. दोन आकड्यांत अर्धं इंजिन तपासून होतं. गाडी पेट्रोलवर ठेवून मोजायची एवढंच, गॅसवरचा एचसी त्या यंत्राला नीट दिसत नाही.

मिस्त्री : हे चांगलं सांगितलंत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माणूस असा मोकळेपणानं शिकतो तेव्हा त्याच्या वयाचा आणि अनुभवाचा मान आणखी वाढतो. निदेशकांनीही तो विषय तिथंच सोडला, पुढं ताणला नाही. यंत्रावर सीओ बेताचा आणि एचसी खूप वर आला. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारून बघितलं. इंजिनाचा सूर कुठंही बदलला नाही. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारणारेही असतात, पण गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी तो पेट घेतो, म्हणून मिस्त्री पाणीच वापरतात. चोरटी हवा बाद झाली. राहिलं कॉम्प्रेशन.

निदेशक : आता गेज लावा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल उघडायला विसरलं की तिन्ही आकडे खोटे कमी येतात आणि माणूस उगीच हेड उतरवतो.

पहिला सिलिंडर १२, दुसरा साडेअकरा, तिसरा साडेसात किलो. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानं फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. तो आठलाच थांबला.

मिस्त्री : व्हॉल्व्ह.

निदेशक : व्हॉल्व्ह. आणि सकाळचं मिसिंग आठवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सुरू झाल्याबरोबर तापतो आणि लांबतो, हेड मात्र अजून थंड असतं. टॅपेटची फट आधीच संपत आलेली असेल, तर तेवढ्या मिनिटांत व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही. पुढं अल्युमिनियमचं हेड तापून फुगतं, फट जरा मोकळी होते, गाडी जरा सुधारते. मालकानं पहिल्या दिवशी सांगितलं ते हेच होतं.

झाकण उघडून टॅपेट बघितले. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजची सर्वांत पातळ पातीही आत जाईना. फट शून्य.

हे का होतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्या आपल्याकडं मोप आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या नशिबी हेच येतं. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर टेकतो तेव्हाच त्याची बहुतेक उष्णता सीटमार्गे हेडमध्ये उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायची तीच मुख्य संधी असते. पेट्रोल थेंबाथेंबानं आत येतं, काही थंडावा देतं, टेकण्याच्या जागेला जराशी ओल देतं. गॅस कोरडा. कोरड्या माऱ्यानं सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो, आणि जितका तो आत जातो तितकी टॅपेटची फट कमी होते. बाहेरून काही दिसत नाही. टॅपेट सैल झाले तर खडखडतात, मालक घाबरून गॅरेजला येतो. घट्ट होताना ते उलट शांत होत जातात. फट संपली की व्हॉल्व्ह टेकत नाही, थंड होत नाही, आणि कडेनं जळायला लागतो. गॅसच्या गाडीचे टॅपेट वेळच्या वेळी बघणं हे काम प्लग बदलण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

मिस्त्री : टॅपेट सेट केला, कॉम्प्रेशन साडेनऊला आलं. सिग्नलला थडथड पुष्कळ कमी. आता मी म्हणतो, इथंच थांबू. मालकाचा धंदा रोजचा. हेड उतरवलं की गाडी तीन-चार दिवस उभी, गॅस्केट, सीट कटिंग, लेथवाल्याचे पैसे. अशीच चालवू द्या.

निदेशक : साडेनऊ म्हणजे कड जळालेली आहे. जळालेली कड टॅपेटनं भरून येत नाही. आज साडेनऊ, पुढं पुन्हा आठ. गळतीतून जाणारी आग कडेला आणखी खाते. एखादा तुकडा सुटला तर पिस्टनही जाईल.

मिस्त्री : जाईल, जाईल म्हणता. बघितलाय तुम्ही जळालेला?

निदेशक : नाही. म्हणून बघू. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणा.

तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड. क्रँकच्या बोल्टवरचा पाना आठवणीनं काढून घेतला, कारण हवा पिस्टनला दाबते आणि पाना हातावर येतो. प्लगच्या भोकातून नळीनं हवा सोडली. ती हवा कुठून बाहेर येते तिथं रोग. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. निदेशक एकेक जागा सांगत गेले आणि मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी बसले. गॅरेजातल्या पोरांना गप्प बसवून त्यांनी कान लावला. हे काम त्यांचं. रस्त्यावरच्या गोंगाटात तो बारीक फुसफुसाट मला जेमतेम ऐकू आला, त्यांनी मात्र हवा सुरू झाल्याबरोबर हात वर केला.

मिस्त्री : येतेय. सतत येतेय, थांबत नाही. हेड उतरवावं लागणार.

इथं माझा स्वतःचा एक प्रश्न होता आणि तो मी दोघांना विचारला. स्कॅनर लावणाऱ्या नव्या गॅरेजात हे सगळं चुटकीसरशी होत नाही का? निदेशकांनी सांगितलं, भारतात नव्या गाड्यांना ओबीडी सक्तीचं झालं ते २०१० पासून, आणि त्याची दुसरी पायरी २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत स्कॅनरला विचारण्यासारखं फार थोडं असतं. नंतरच्या गाडीतही क्रँकच्या फिरण्यात क्षणभर खीळ पडली की कॉम्प्युटर कुठला सिलिंडर चुकला ते सांगतो, का चुकला ते सांगत नाही. तिसरा सिलिंडर हे मिस्त्रींनी वायर उपटून आधीच शोधलं होतं. फक्त नव्या गाड्यांत वायर अशी लोंबती ठेवू नये, इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळतं. तिथं इंजेक्टरचा कनेक्टर काढून तोच प्रयोग करावा. आणि तिथं मिसिंग अंगावर काढूच नये, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

निदेशक : आता माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्या, अण्णा. तुम्हाला तपासता येतं. कानानं, हातानं, अदलाबदल करून, सगळं येतं. मग बदलून बघा का म्हणता?

मिस्त्री : कारण तपासणीचे पैसे कोण देतं, सर? तुम्हाला सरकार पगार देतं, गाडी सुटो न सुटो. माझं गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं. जुना पार्ट हातात ठेवला, नव्याचं खोकं दाखवलं की खिशात हात घालतं. दोन तास तपासून मी एक स्क्रू फिरवला तर म्हणतं, स्क्रू तर फिरवला. परवा घाटाचं मिसिंग सोडवलं त्याचे मी किती घेतले? काही नाही. प्लगची फट कमी करायचे काय मागणार? त्याच्या आधीच्यांनी कॉइल घातली, कॉइलचे घेतले, मिसिंग सुटलं नाही तरी घेतले.

निदेशक बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, या वादाचं खरं मूळ मिस्त्रींनी इथं बोट ठेवून दाखवलं. मिस्त्रींना ज्ञान कमी नाही आणि निदेशकांना व्यवहार कळत नाही असंही नाही. आपण गिऱ्हाइकंच पार्टला पैसे देतो आणि डोक्याला देत नाही. मग समोरचा माणूस डोकं बाजूला ठेवून पार्ट विकतो, आणि आपणच म्हणतो की गॅरेजवाले लुबाडतात. त्या ओम्नीत कॉइल, झाकण, रोटर, वायरी यांच्यावर जे गेलं, त्याच्या काही हिश्शात पहिल्याच दिवशी कॉम्प्रेशन मोजून झालं असतं. व्हॉल्व्हची कड तेव्हा कदाचित जळालेलीही नसती. टॅपेट मोकळा करून भागलं असतं.

निदेशक : मग बिलात तपासणी वेगळी लिहा.

मिस्त्री : काय लिहू? काही बदललं नाही, सहाशे रुपये?

निदेशक : तेच लिहा. आणि खाली तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहा. कोरडे आणि तेल घालून. पीयूसीचे दोन आकडे. प्लगची फट किती होती आणि किती केली. टॅपेटची फट किती ठेवली. तारीख, किलोमीटर.

मिस्त्री : आणि गिऱ्हाईक म्हणालं, आकड्यांवर गाडी चालते का?

निदेशक : तर त्याला दुसऱ्या गॅरेजात जाऊ द्या. कागद त्याच्याकडंच राहू दे. तिथल्या मिस्त्रीला तो वाचता येईल, आणि त्याला तरी कॉइल पुन्हा बदलावी लागणार नाही.

मिस्त्री : हेड उतरवायचं ठरलंच तर इनलेटच्या सीटही बघून घेतो. एकदा उघडणारच आहे तर.

निदेशक : बघा. पण उतरवायच्या आधी मालकाला सायलेन्सरला कान लावायला सांगा. त्याचं त्यानं ऐकलेलं बरं.

मालकाला निरोप गेला. तो दुपारचे डबे पोहोचवून आला, सायलेन्सरशी वाकला, ऐकलं आणि विचारलं, गाडी किती दिवस उभी राहील. मिस्त्री म्हणाले चार. तीनमध्ये बसवायचं ठरलं, आणि तपासणीचे पैसे त्यानं घासाघीस न करता वेगळे दिले.